खालच्या माणसाला

"वरचा गेला," बाबा फोनवर म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं, "तुमचा तो नळ गळत होता, त्याचं काय झालं?"

ती जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी होती. हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. बाबा स्वतःहून फोन करत नसत. फोन आईने लावायचा, बोलायचं आईने, आणि सगळं बोलून झाल्यावर उरलासुरला फोन त्यांच्या हातात द्यायचा, अशी घरची पद्धत. म्हणून स्क्रीनवर त्यांचं नाव दिसल्याबरोबर तिला आधी आईचीच काळजी वाटली होती. आईला काही झालेलं नाही एवढं कळल्यावर जीव भांड्यात पडला, आणि त्या सुटकेच्या श्वासातूनच तिच्या तोंडून शब्द निघून गेला, "अरेरे." मग, "कधी? कशाने?" "मंगळवारी. झोपेतच." "अरेरे," ती पुन्हा म्हणाली. "मग, नळ?" बाबा म्हणाले. "वायसर बदलला." "रबरी घातला की चामड्याचा?" "माहीत नाही बाबा." "रबरी टिकत नाही," ते म्हणाले. पलीकडे कुणी तरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. बाबांनी घसा साफ केला. आता काही तरी बोलतील असं वाटण्याइतका तो घसा साफ झाला, आणि ते म्हणाले, "बरं, तुला काम असेल."

काम होतंच. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ती लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. गढूळ पाणी, कमी दाबाचं पाणी, येणारच नाही असं पाणी. त्या दुपारी एका माणसाने बाटलीत भरलेल्या तपकिरी पाण्याचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, हे तुम्ही पिऊन दाखवा. तिने नेहमीसारखी सुरुवात केली, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला मनःपूर्वक खेद आहे, आणि 'मनःपूर्वक'पाशी तिचा हात थांबला. हा शब्द आजवर तिने इतक्यांदा लिहिला होता की तो लिहायला मनाची गरजच उरली नव्हती, बोटं आपली आपण लिहून मोकळी व्हायची. तसंच ते 'अरेरे'. हातातून कप निसटला की ती तेच म्हणायची. धोब्याने शर्टाचं बटण तोडलं तरी तेच. बाबांना तिने तोच शब्द दोनदा दिला होता आणि त्यांनी तो घेतला होता, मुकाट्याने, कुणी सुटे पैसे म्हणून गोळी हातावर ठेवली की घ्यावी तसा. संध्याकाळपर्यंत तो शब्द तिच्या दातात काही तरी अडकल्यासारखा होता. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जायची.

वरचा म्हणजे वरचे काका. बाबा आणि ते, दोघंही लिफ्टचे मेकॅनिक, एकाच कंपनीत, आणि नोकरीभर एकाच जोडीत. त्या कामाला माणसं दोन लागतात. एक इमारतीच्या डोक्यावर, मोटरच्या खोलीत. दुसरा अगदी तळाशी, खड्ड्यात. मधे सगळी पोकळी आणि काळे, ग्रीस लावलेले दोर. बाबा अंगाने काटकुळे म्हणून ते खाली. काकांचा देह आणि आवाज दोन्ही दांडगे म्हणून ते वर. घरी जेवताना बाबा जे काही थोडंफार बोलायचे त्यात "वरचा म्हणाला", "वरच्याला विचारतो", "वरच्याच्या मनात आलं तर" एवढंच असायचं. त्यामुळे फार लहान असताना तिचा एक मोठा घोटाळा झाला होता. शेजारच्या आजी उठता-बसता म्हणायच्या, सगळी वरच्याची मर्जी, आणि तिला वाटायचं, ही बाबांच्याच ऑफिसातल्या माणसाची गोष्ट चालली आहे. देव म्हणजे बाबांच्या जोडीला काम करणारा कुणी तरी, ही तिची खात्रीच होती. मग एके दिवशी वरचे काका घरी आले, तेलकट टोपी, बोटांत बिस्किटांचा पुडा, दारातूनच "आहे का घरात माझा उंदीर?" अशी आरोळी, आणि आईने सांगितलं, हे बघ, हेच ते वरचे. तिने देवाकडे नीट बघून घेतलं. त्याच्या पँटचं एक बटण लागलेलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट काका कुणालाही सांगायचे, दर वेळी नवं काही तरी जोडून, आणि शेवटी बाबांकडे बोट करून म्हणायचे, "पोरीने मला देव मानलं, हा साधा माणूससुद्धा मानत नाही." यावर बाबांच्या फक्त कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. हसू आलं की त्यांचं तेवढंच व्हायचं.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला. "अगं काय सांगू तुला," आईने सुरुवात केली, आणि आई अशी सुरुवात करते तेव्हा ती सगळं सांगते. "तीन दिवस हे तिकडेच. अंत्यदर्शनाला हॉल ठरवला यांनी. फुलं यांनी आणली. खुर्च्या मांडल्या, लोकांना गाडीतून उतरवून घेतलं, काय नि काय. त्या काकू बिचाऱ्या एका जागी बसलेल्या, त्यांच्याजवळ मुलगा, सून, सगळी रांग लागलेली भेटायला. आणि हे आपले कडेला उभे. एका बाईने तर विचारलं यांना, तुम्ही हॉलचे ना? तो पंखा जरा हळू करा."

"मग?"

"मग काय, केला यांनी हळू. वर त्याची खरखर येत होती म्हणून स्टुलावर चढले आणि तीही बंद केली."

आईला वाटलं फोन कट झाला. "हॅलो? आहेस ना?" "आहे. आई, बाबा रडले का गं?" "कोण, हे? तू पण ना! घरी आले, आंघोळ केली, जेवले, झोपले. सगळं वेळच्या वेळी. मी म्हटलं, बरं झालं बाई, माणूस खंबीर आहे." "आणि तू?" "माझं काय? माझी तर सवतच गेली," आई म्हणाली आणि हसली. ही तिची जुनी थट्टा होती. लग्न माझ्याशी केलं आणि संसार त्याच्याशी, असं ती काकांच्या तोंडावर म्हणायची, आणि काका म्हणायचे, "वहिनी, मग स्वयंपाक मला का नाही येत?" पण या वेळी तिचं हसू जिथे संपायला हवं होतं तिथे संपलं नाही. थोडं पुढे गेलं आणि एकटं पडलं. मग ती म्हणाली, "घर फार शांत झालंय गं. तसे हे कधी बोलायचेच नाहीत. पण आता न बोलणं वेगळं आहे. आधी आपले गप्प बसायचे. आता गप्प झालेत."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांपुढून तो पंखा हलेना. बाबांना स्टुलावर चढताना ती स्पष्ट पाहत होती, एक हात भिंतीला, तोंडात स्क्रू, आणि खाली तो माणूस फुलांखाली झोपलेला, ज्याच्या हातात बाबांनी नोकरीभर आपला जीव सोपवला होता. हे उगाच म्हणायचं म्हणून नाही. ते तिने पाहिलेलं होतं. एकदा आई आजारी होती म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबा तिला कामावर घेऊन गेले होते. कसल्या तरी कचेऱ्यांची रिकामी इमारत, फरशीला फिनेलचा वास, तळमजल्यावर तिला एका स्टुलावर बसवलेलं आणि हलायचं नाही अशी सक्त ताकीद. लिफ्टचं दार उघडं, आणि दारापलीकडे खोली नाहीच, नुसता काळोख. त्या काळोखात बाबा शिडीवरून उतरले, दिवा घेऊन, आणि दिसेनासे झाले. मग वरून, अगदी वरून, आवाज आला. "सोडू का?" बाबांचा खालून, "थांब!" मग पुन्हा, "सोडू?" "अजून थांब!" "अरे झोपलास का?" "सोड!" आणि ते प्रचंड धूड बाबांच्या डोक्यावर हळूहळू खाली यायला लागलं. ती स्टुलाची कड घट्ट धरून बसली होती. थांब म्हटलं आणि वरच्याला ऐकूच गेलं नाही तर? पण ते धूड थांबलं, बरोबर जिथे थांबायचं तिथे, आणि त्या पोकळीतून काकांचं भसाडं गाणं खाली यायला लागलं, भिंतींवर आपटत, मोठं होत. बाबा ओरडले, "गाणं बंद कर, नाही तर वर येईन!" "ये की! जिने आहेत!" आणि त्या काळोखातून तिला बाबांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यांदा, तोंड उघडून हसणं. ते तिने त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच ऐकलं. उजेडात आल्यावर दोघं एका बाकावर शेजारी शेजारी बसले, बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसांसारखे, डबा खाल्ला, हात पुसले, एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती कार्डांच्या दुकानात गेली. कोपऱ्यातलं एक फडताळ दुखवट्याच्या कार्डांचं होतं. बहुतेकांवर सूर्य मावळत होता. समुद्रात, डोंगराआड, शेतात. जिथे सूर्य नव्हता तिथे मेणबत्ती. आतले मजकूर सोनेरी अक्षरांत तयार होते आणि फडताळाला वर्गवारीच्या चिठ्ठ्याही चिकटवलेल्या होत्या: आई, वडील, पती, पत्नी, अपत्य. दुकानदारीण चष्म्यावरून पाहत होती. "कुणाचं कोण गेलंय?" तिने विचारलं, भाजीवाली विचारते तितक्या सहज. "माझ्या वडलांचा मित्र." "मग त्यांच्या मिसेसना हवंय. हे बघा, पतीचं. यात फुलंही आहेत." "नाही, वडलांना द्यायचंय." बाईने चष्मा काढला. "वडलांना? पण गेलाय तर मित्र." "हो." "मित्राचं नाही हो येत," ती म्हणाली, आणि जरा विचारात पडली. "कुणी मागतच नाही. माझी मैत्रीण गेली गेल्या वर्षी, शाळेपासूनची. मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. काय सांगणार, मैत्रीण गेली म्हणून बंद?" ती वळली, खाली वाकून एक खोकं ओढून काढलं. "हे कोरं घ्या. वाढदिवसाच्या लॉटमधलं आहे, छापायचं राहिलं, पण चित्र बरं आहे." त्यावर भिंतीला टेकवलेली एक सायकल होती. बाकी काही नाही. निघताना बाई म्हणाली, "काय लिहायचं ते साधं लिहा. ते सोनेरी वगैरे काही नको." सोनेरी अक्षरांची कार्डं तीच विकत होती, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसली. आधी जुन्या पाकिटांच्या मागे लिहून बघू म्हटलं. पहिलं वाक्य आलं ते ऑफिसातूनच थेट चालत आलं: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आम्ही कोण? पाणीपुरवठा? तिने ते खोडलं. मग आलं, ते आता जिथे असतील तिथे सुखात असतील. काका आणि सुखात! त्यांना एका जागी बसवलं की पाय हलवायची सवय, पाचव्या मिनिटाला "चला, येतो" म्हणून उठायचे. तेही खोडलं. नवरा चहा घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून डोकावला. "धीर धरा, सावरा, असं काही तरी लिही ना," तो म्हणाला. "सावरलेलेच आहेत ते," ती म्हणाली, "तीच तर पंचाईत आहे." तो समोरची खुर्ची ओढून बसला. भला माणूस. काही मदत करता आली नाही की तो चहा ढवळत बसायचा, साखर नसली तरी. "पण मग काकूंना नाही पाठवायचं?" "काकूंना वेगळं पाठवीन. त्यांना भेटायला माणसांची रीघ लागली आहे. बाबांना कुणी काही म्हटलेलं नाही. मी म्हटलं ते 'अरेरे'." "तुला तरी काय माहीत होतं," तो म्हणाला. "तेच," ती म्हणाली, "मलाच तर माहीत होतं."

तो उठून आत गेला आणि ती त्या सायकलकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. कुणी हिशेबातच धरत नाही असं दुःख काय असतं ते तिच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिचं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हाही असंच. ज्याचं नाव ठेवलं नाही, ज्याचा चेहरा कुणी पाहिला नाही, त्याच्याबद्दल माणसांनी म्हणावं तरी काय? ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, आता बरं वाटतंय ना, ताप येऊन गेल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, तरुण आहात, होईल. आईने पाठीला तेल लावून दिलं आणि दुसरीच कुठली गोष्ट सांगत राहिली. मग एका सकाळी, न कळवता, बाबा दारात उभे. हातात अवजारांची पिशवी. मागे वरचे काका. रात्रभराचा बसचा प्रवास करून दोघं आलेले. बाबा तिच्याकडे न बघताच आत आले, म्हणाले, "हे दार घासतंय," आणि बिजागरी काढायला बसले. दिवसभर ते घर दुरुस्त करत राहिले. दार झालं, मग कपाटाची कडी, मग हलणारी खुर्ची, मग काही बिघडलेलंच नव्हतं तो दिवा. ती खाटेवर पडून ठोकण्याचे आवाज ऐकत होती आणि तिला राग येत होता. एवढ्या लांब आलात ते बिजागरीसाठी? दुपारी काका तिच्याजवळ येऊन बसले. एवढा मोठा माणूस, त्या छोट्या स्टुलावर कसा मावला कोण जाणे. थोडा वेळ त्यांचे पाय हलत राहिले. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे तिला तेव्हाच कळलं, "तुझा बाप येताना बसमध्ये रडत होता. खिडकीकडे तोंड करून, रात्रभर. मी सांगितलं म्हणू नकोस. मला ठार मारेल." बाहेर हातोडीचे ठोके चालूच होते. पण आता तिला ते वेगळे ऐकू यायला लागले. ती उठली, बाहेर गेली आणि बाबांना स्क्रू धरून द्यायला बसली. ती बरी व्हायला लागली ती त्या दुपारपासून.

म्हणजे बाबांच्या पोटातलं तिच्यापर्यंत आणून पोचवणारा माणूस तो होता. तिच्यापर्यंत, आईपर्यंत, कुणाहीपर्यंत. गुडघे गेल्यावर काकांना बाबांच्या घराचे जिने चढवेनात, इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि या गोष्टीवर दोघांनी अर्धं म्हातारपण हसण्यात घालवलं. काका खाली रस्त्यावर उभे राहायचे, बाबा गॅलरीत. "बघ," काका ओरडायचे, "शेवटी तू वर गेलास!" येणारे-जाणारे थांबून बघायचे. आई आतून म्हणायची, लाज आणली या दोघांनी. बाबा कठड्यावर वाकून आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या पोटदुखीपासून पेन्शनपर्यंत सगळं खाली सांगायचे. आईला आपल्या नवऱ्याचं पोट दुखतंय हे कित्येकदा असंच, गॅलरीतून, कळलेलं होतं. आता खाली कुणी उभं राहणार नव्हतं. मग त्यांच्या पोटात दुखलं तर कुणाला कळणार? रडले तर कोण सांगणार? या विचारासरशी तिने पाकीट बाजूला सारून कार्डच पुढे ओढलं. खाडाखोड झाली तर झाली.

बाबा, तिने लिहिलं, सगळे काकूंना भेटून आले ते बरोबरच आहे. पण गेला तो तुमचाही माणूस. तुम्हाला कुणी जवळ बसवलं नाही याचं मला फार वाईट वाटतंय. मीही फोनवर नीट बोलले नाही.

इथे पेन थांबलं. पुढचं लिहावं की नाही? सांगू नकोस म्हणाले होते. दिलेला शब्द, आणि ज्याला दिला तो आता मोडलास का म्हणून विचारायलाही नाही. शिवाय बाबा. आपलं रडणं लेकीला इतकी वर्षं माहीत होतं हे कळल्यावर बाबा काय करतील? रागावतील? त्याहून वाईट, लाजतील आणि फोनवर यायचंच बंद करतील? शेजारच्या घरात कुणी तरी खुर्ची सरकवली. चहावर साय धरली होती. तिने बोटाने ती बाजूला केली, बोट तसंच ओलं घेऊन बसून राहिली. मग लिहिलं:

तुम्ही दोघं माझ्याकडे आला होता आणि तुम्ही दिवसभर घर दुरुस्त केलंत, त्या दुपारी काकांनी मला सांगितलं की तुम्ही बसमध्ये रडत होता. तुम्हाला सांगायचं नाही अशी अट होती. आजवर पाळली. ते ऐकून मला किती बळ आलं ते मी कधी बोलले नाही, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. त्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणून तुम्हाला सांगते. मला त्यांची आठवण येते, तर तुम्हाला किती येत असेल. बोलावंसं वाटलं तर मला ऐकायचंय. नाही वाटलं तरी चालेल. या कार्डाला उत्तर नको.

वाचून बघितलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही. पाकिटाला जीभ लावली, डिंकाची कडू चव आली. नवऱ्याने विचारलं, झालं? ती म्हणाली, काही तरी झालं, आणि पायात चपला सरकवून पेटीत टाकून आली. पाकीट आत पडल्याचा आवाज इतका हलका होता की तिने पेटीला एकदा हाताने थोपटलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. पत्रं पोचायला लागतो तेवढा वेळ लागणार हे माहीत असूनही ती फोन उलटा करून ठेवायची आणि पुन्हा सुलटा करून बघायची. आपण हे काय करून बसलो? म्हाताऱ्या माणसाने इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट त्याच्याच हातात उघडी करून ठेवली, आणि वर म्हणे सांत्वन. तपकिरी पाण्याच्या माणसाचं दुसरं पत्र आलं, तुमचा खेद मिळाला, पाणी मिळालेलं नाही. ते वाचून तिला एकटीलाच हसू फुटलं. तिने इंजिनिअरच्या टेबलाशी जाऊन भांडून त्याच्या गल्लीतली पाइप तपासायला माणूस पाठवायला लावला, आणि उत्तरात एवढंच लिहिलं, गुरुवारी सकाळी माणूस येतोय. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "एवढंच? मनःपूर्वक नाही?" "तो आला तर होईल मनःपूर्वक," ती म्हणाली.

आईचा फोन आला तेव्हा ती पुन्हा जिन्यातच होती. "काय लिहिलंस गं तू यांना?" आईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"का? रागावले?"

"मला तर काही कळेना. काल पोस्टमन देऊन गेला, यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी आत भाजी चिरत होते. एकदम ओरडले, 'खोटारडा!' मी सुरी टाकून धावत आले, म्हटलं काय झालं. म्हणतात, मी नव्हतो रडत. तोच रडत होता! बसमध्ये रात्रभर हुंदके देत होता, लोक बघायला लागले, मी माझा रुमाल दिला. आणि पोरीला जाऊन सांगतो मी रडलो म्हणून!"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "मग खरं काय?"

"काय माहीत! दोघंही रडले असतील, एकमेकांवर ढकलतायत." आईचा आवाज चढला होता, त्यात धाप होती आणि आणखीही काही तरी होतं. "पण ऐक ना. तेव्हापासून बोलतायत. माझ्याशी! थांबतच नाहीत. तो कसा पहिल्या दिवशी चुकीच्या इमारतीत जाऊन चांगली लिफ्ट उघडून बसला होता, साहेबाला काय म्हणाला, काय काय. मला वाटायचं मला त्या माणसाचं सगळं पाठ आहे. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं गं. आणि तुझ्या त्या वेळी हे दोघं रात्रीत निघाले ना, ते म्हणे मीच यांना म्हटलं होतं जा म्हणून. मला आठवतही नाही. थांब हं, हाक मारतायत. आले हो!"

आईने फोन बहुतेक टेबलावर ठेवला. बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही. पलीकडे खोली होती, सकाळची, गॅलरीतून येणाऱ्या आवाजांची, आणि मधे बाबांचा आवाज. शब्द कळत नव्हते. लांबलचक वाक्यं होती, त्यांच्या तोंडात कधी न ऐकलेली, एकात एक गुंतलेली, मधेच मागे जाऊन काही तरी दुरुस्त करून पुन्हा पुढे येणारी. आई हसली. "पुरे, पुरे," ती म्हणाली, "पोट दुखायला लागलं." बाबांनी तिला पुरे होऊ दिलं नाही, आवाज वाढला, पुढे गेला, आणि मग मधेच तुटला. जिन्यातून कुणी तरी वर येत होतं. ती भिंतीला सरकली, फोन कानाला घट्ट धरला. आधी तिला वाटलं बाबांना ठसका लागला. तसाच आवाज होता, खरखरीत, थांबून थांबून येणारा. मग आईचा आवाज, अगदी जवळचा, तान्ह्या मुलाशी बोलताना असतो तसला. "हं. हं. असू दे. असू दे हो."

यापुढचं त्या दोघांचं होतं. तिने हळूच फोन बंद केला. मग डोळे पुसून वर गेली. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, नाकाच्या लाल शेंड्याकडे, ओल्या गालांकडे, आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"घरचा फोन होता का? सगळं ठीक ना?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला आपल्या आवाजाचंच नवल वाटलं, इतका तो मोकळा होता. "बाबा रडतायत."